साखर चालते

एक तारखेपासून यंत्राला नवी शिकवण मिळाली आहे.
मदतीच्या कार्डावर सोड्याचा डबा सरकवला
की ते जरा थबकतं, मग लाल होतं.
नाही म्हणायचं काम मात्र माझं.
यंत्राला तोंड नाही. मला आहे,
आणि तासाला अकरा डॉलर.

स्लेट फोर्कमध्ये आता एवढंच दुकान उरलं.
आधी खाण मिटली, मग बँक,
मग ते मोठं दुकान, जिथे भाजीवर दर वीस मिनिटांनी
बारीक तुषार उडायचे
आणि उडण्याआधी ढगांचा गडगडाट वाजायचा, खोटा.
आमच्याकडे हिरवं म्हणजे घेवड्याचे डबे
आणि मोजे.

दुपारी व्हर्ना स्टिडम आली. सोबत नातू, ब्रँटली,
पुढचे चारही दात काळे, म्हणून ओठ मिटून हसणारा.
शनिवारी त्याला सात पुरी होतील.
पट्ट्यावर तिने ठेवलं: पाव, अंडी, शेंगदाण्याचं लोणी,
आणि शेवटी, जरा मागे, जणू दुसऱ्या कुणाचा असावा असा,
केशरी सोड्याचा बारा डब्यांचा खोका.

लाल.

मागे रस्त्याच्या कंत्राटावर आलेला एक परगावचा माणूस.
त्याच्या हातात तोच सोडा, थंडगार, रोखीचा.
"बरंच झालं," म्हणाला, "आमच्या पैशांनी..."
वाक्य पुरं केलं नाही.
ही वाक्यं कुणीच पुरी करत नाही,
ऐकणाऱ्याला पाठ असतात.

व्हर्नाने वळून पाहिलं नाही.
"पाणी चालतं?"
चालतं, पण संपलंय. गुरुवारी गाडी येते.
तिच्या दरीत नळाला तांबडं पाणी येतं,
त्यात धुतलेली चादर विटेच्या रंगाची होते.
हे तिलाही ठाऊक, मलाही. यंत्राला कुणी सांगितलेलं नाही.

मग ती म्हणाली, "साखर चालते?"

मला खरंच माहीत नव्हतं.
पाच पौंडांची पिशवी सरकवली. हिरवा.
लिंबाच्या रसाची बाटली. हिरवा.
केकमध्ये घालायचा केशरी रंग, अंगठ्याएवढी कुपी. हिरवा.
आणि ती पिवळी पुडी: खायचा सोडा.
प्यायचा सोडा लाल,
खायचा सोडा हिरवा.
व्हर्ना हसली, तोंड उघडून, पोराला जमत नाही तसं.
इथे चणे आले तोवर दात गेलेले असतात.
परगावचा माणूसही हसला, मग त्याला वाटलं असावं
हसायला नको होतं.

रात्री वेंडलला सांगितलं.
तो हसला नाही. डाव्या पायाचं घोट्याखालचं जिथे संपतं
तिथे त्याने पांघरूण नीट केलं.
"कायदा बरोबर आहे," म्हणाला.
"मला कुणीतरी अडवायला हवं होतं."

कोण अडवणार होतं, वेंडल?
खाणीतून तू यायचास तेव्हा घसा कोळशाने कोरडा,
आणि कामगारांच्या सवलतीत दर शुक्रवारी
तो खोका मीच आणायचे. मोठ्या दुकानातून.
गडगडाट ऐकत.
तेव्हाचं यंत्र सगळ्यालाच टिंग म्हणायचं.

हे मी बोलले नाही.
हातातला छोटा आरसा त्याच्या उरलेल्या तळव्याखाली धरला,
रोज धरते. त्याला कळत नाही अशी जखम
मला आधी दिसावी म्हणून.
टाच ठीक. बोटांच्या बेचक्या ठीक.
करंगळीजवळ काहीतरी लाल,
बोट फिरवलं तर मोज्याचा धागा.

बराच वेळ तो छताकडे बघत होता.
मग म्हणाला, "फसफसेल का गं ते? लिंबू आणि सोडा?"

"फसफसेल," मी म्हटलं,
"घटकाभर."